दुखरे सांधे आणि ताटातल्या बंदी



सांगलीत येऊन हळदीविषयी बोलायला जरा धाडसच लागतं. हळकुंड मोडलं की रंगावरून आणि वासावरून भाव सांगणारी माणसं समोर बसली आहेत. ज्याने हळद पातेल्यात आणि शोधनिबंधात पाहिली, त्याने तुम्हाला काय सांगावं? पण संयोजकांनी विषय दिला 'सांधेदुखी आणि आहार', आणि हा विषय कुठूनही सुरू केला तरी हळदीपाशी येऊन थांबतो. तेव्हा तिथूनच निघू. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवत आणि 'कशावरून?' असं विचारल्याशिवाय कुणाचंही विधान पुढे जाऊ देत नसत, असं त्यांचे विद्यार्थी मला मघाशी सांगत होते. आजची दिशा मला त्यातच मिळाली.

१९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्याला आव्हान दिलं. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेख असे पुरावे मांडले गेले, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्याला याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण निकाल नेमका कशाचा होता? हळदीचा हा उपयोग नवा नाही, आजीबाईच्या बटव्यात तो होताच, एवढंच त्यातून ठरलं. हळदीने गुणच येतो का, किती येतो, कुणाला येतो, हे अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने तपासलंच नाही. आपण मात्र तेव्हापासून धरून चाललो आहोत की अमेरिकेने हळदीपुढे हात टेकले.

तेव्हा गुणाचं बघू. हळदीच्या गुणाचं श्रेय ज्याला देतात ते करक्युमिन तिच्या पुडीत साधारण ३ टक्के असतं. घरात माणशी दिवसाला एक-दोन ग्रॅम हळद पोटात जाते असं धरलं, तर करक्युमिन जातं तीस ते साठ मिलिग्रॅम. संधिवातावरच्या चाचण्यांत अर्काच्या कॅप्सूल देतात, त्यांतली मात्रा याच्या कितीतरी पट असते. त्यातही करक्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तात फार थोडं जातं. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की दोन ग्रॅम करक्युमिन नुसतं घेतलं तर रक्तात ते जेमतेम सापडतं, आणि सोबत मिरीतलं पायपरीन २० मिलिग्रॅम घेतलं तर वीसपट सापडतं. हा आकडा आता कॅप्सूलच्या प्रत्येक डबीवर झळकतो. पण जेमतेमच्या वीसपट म्हणजे किती, हे कोणत्याच डबीवर लिहिलेलं नसतं. शिवाय पायपरीनमुळे यकृताचं काम मंदावतं म्हणून हे घडतं. रोजच्या इतर गोळ्यांचाही निचरा त्यामुळे लांबू शकतो, हेही तिथे छापत नाहीत.

मग हळदीचा काहीच उपयोग नाही का? थोडा आहे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात, गुडघ्याची झीज आणि आत सूज असलेल्या ७० जणांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. हळदीच्या अर्काने वेदना थोडी कमी झाली. एमआरआयमध्ये मोजलेली आतली सूज मात्र होती तेवढीच राहिली. म्हणजे हळद दाह विझवते असं ज्या आधारावर आपण म्हणतो, त्याच ठिकाणी ती काही करताना दिसली नाही. दुसऱ्या बाजूला, औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या कॅप्सूलशी संबंध असलेले दहा रुग्ण नोंदवले. त्यांतली एक व्यक्ती दगावली. वरणातल्या हळदीने असं कुणाला होत नाही. तेव्हा वरणात, भाजीत, दुधात हळद घालत राहा. ती औषध म्हणून डबीत शिरली की तिच्याशी औषधासारखंच वागा, म्हणजे डॉक्टरांना सांगून घ्या.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाकडे येतो. दाह म्हणजे काय? पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने त्याची चार लक्षणं सांगून ठेवली आहेत : लाली, सूज, ऊब आणि वेदना. ठेच लागलेल्या अंगठ्याला ती चारही लागू पडतात. हा दाह चांगला. तो येतो, काम करतो आणि जातो. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन सापडलं. तेच तुमच्या रिपोर्टवरचं सीआरपी. पुढे ते अगदी बारीक प्रमाणातही मोजता येऊ लागलं तेव्हा कळलं की ठेच नाही, ताप नाही, जंतू नाही, तरीही काही माणसांच्या रक्तात ते वर्षानुवर्षं किंचित वाढलेलं असतं. 'दाहशामक आहार' हा शब्द आज मासिकांतून आणि मोबाइलवरून आपल्यावर येऊन आदळतो, तो या मंद, न दिसणाऱ्या दाहाबद्दल असतो. हा दाह अंगात कुठे धुमसतो?

उत्तराआधी एक सावधगिरी. सांधेदुखी हा एक आजार नव्हे. 'माधवनिदान' या आयुर्वेदातल्या ग्रंथाच्या कर्त्यांनी हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच आमवाताचं वेगळं प्रकरण केलं आणि वातरक्ताचं वेगळं. आपण मात्र सगळ्याला सरसकट 'वात' म्हणून मोकळे होतो. वयाबरोबर येणारी गुडघ्याची झीज, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आमवात, आणि युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून अंगठा रातोरात लालबुंद होतो तो गाऊट म्हणजे वातरक्त, हे तीन आजार आहेत आणि त्यांचा आहाराशी संबंध तीन तऱ्हांचा आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघर जाऊन पाहणी केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं, पण आमवात निघाला साधारण दोनशेत एकाला. शेजारणीला ज्याने गुण आला तेच आपण खातो, तेव्हा तिचा आजार आपलाच असण्याची शक्यता किती, ते यावरून ताडून पाहा.

झिजेबद्दल बोलू, कारण या सभागृहात बहुतेकांचा प्रश्न तोच असणार. 'गुडघ्यातलं वंगण संपलं' असं आपण म्हणतो आणि डॉक्टरही समजावताना तसंच सांगतात. गुडघ्यावर भार पडतो म्हणून तो झिजतो, हे खरंच. पण लठ्ठ माणसांच्या हाताच्या बोटांचे सांधेही जास्त झिजतात. बोटांवर चालतं कोण? म्हणजे भाराखेरीज आणखी काहीतरी रक्तातून तिथपर्यंत पोचत असलं पाहिजे. १९९३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ हा दाहकारक रेणू सापडल्याचं प्रसिद्ध केलं. आमवातावरची आजची काही महागडी इंजेक्शनं नेमका हाच रेणू अडवतात. तोवर चरबी म्हणजे अडीनडीला ठेवलेली शिदोरी असं समजत होते. पुढे कळलं की ती, विशेषतः पोटातली, रात्रंदिवस काम करणारी ग्रंथी आहे आणि तिथून दाहाचा माल सतत बाहेर पडतो.

'पण मी कुठे लठ्ठ आहे?' असं मनात आलं असेल, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो आठवा. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर आपण सडपातळ दिसतो आणि चरबी पोटात, यकृताभोवती लपून बसते. म्हणून मी रुग्णाचं वजन पाहतो, पण त्याआधी मापाची फीत काढून कंबर मोजतो. बायका हसतात, पुरुष पोट आत ओढतात.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चाचणी. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात, वेक फॉरेस्ट विद्यापीठात स्टीफन मेसियर यांनी गुडघ्याची झीज असलेल्या, वजन जास्त असलेल्या आणि पंचावन्न वर्षं ओलांडलेल्या ४५४ जणांचे तीन गट केले. एकाला फक्त व्यायाम, दुसऱ्याला फक्त आहार, तिसऱ्याला दोन्ही. २०१३ साली छापलेल्या निष्कर्षांप्रमाणे, दीड वर्षाने आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं वजन सरासरी साडेदहा किलोंनी उतरलं होतं आणि वेदना जवळजवळ निम्म्यावर आली होती. ज्या दोन गटांनी आहार बदलला, त्यांच्या रक्तातला दाहाचा एक रेणू व्यायामवाल्यांपेक्षा कमी भरला. याच संशोधकांनी आधी, २००५ मध्ये, दाखवलं होतं की एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो.

त्या लोकांनी काय खाल्लं होतं? तुम्हाला वाटेल ऑलिव्ह तेल, बेरी, कसली तरी पालेभाजी. दिवसातल्या दोन जेवणांऐवजी त्यांना पुडीतून कालवलेलं शेक दिलं जात होतं! तिसरं जेवण भाज्यांचं, कमी तेलाचं. 'शुद्ध' आहाराचा प्रचार करणाऱ्या कुणालाही ती पुडी चालली नसती. तरीही गुडघे सुधारले, कारण पोटातली चरबी कमी झाली. शेक प्या असं मी म्हणत नाही. आपली भाकरी-भाजी त्याहून शंभरपट बरी, आणि ती जन्मभर खाता येते. पण गुडघ्याला पदार्थाचं सोवळं-ओवळं कळत नाही, हे या चाचणीतून कळतं. सेंद्रिय गूळ, सैंधव, घाण्याचं तेल, खपली गहू यांवर दरमहा हजारो रुपये खर्च करून कंबर तेवढीच राहिलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. सेंद्रिय गुळातल्या उष्मांकांना सेंद्रियपणाची काही सूट नसते.

इथून पुढे जे सांगणार आहे ते जरा रागाने सांगणार आहे.

आमच्याकडे साठीची बाई येते. गुडघे दुखतात. आल्या आल्या सांगते, 'डाळी बंद केल्यात, टोमॅटो बंद, वांगं-बटाटा तर केव्हाच सोडलं, दही नाही, आंबट काही नाही, पावटा-हरभरा वातूळ म्हणून नाही.' मग खाता काय? चपाती, दुधीची भाजी, चहा-बिस्कीट, आणि सोमवारी साबुदाण्याची खिचडी. का बंद केलं? कुणीतरी युरिक ॲसिड तपासलं, ते जरासं वर आलं, आणि घरात सर्वांनी मिळून तिच्या ताटावर बंदीहुकूम काढला. मुळात घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसणारी ही बाई. तिच्या वाट्याला वरणाचं पाणी येत होतं, तेही गेलं.

गाऊट हा बराचसा पुरुषांचा आणि पाळी गेलेल्या बायकांचा आजार. तो ज्याला आहे त्याने खाण्यापिण्याचं बघायलाच हवं. पण काय बघायचं? अमेरिकेतल्या ४७,१५० पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवून २००४ साली निष्कर्ष छापले गेले. त्यांतल्या ७३० जणांना गाऊट झाला. मटण आणि मासे जास्त खाणाऱ्यांत तो वाढला. बिअर पिणाऱ्यांत खूप वाढला, आणि गोड शीतपेयांचा दोष पुढच्या अभ्यासात उघड झाला. दूध-दही खाणाऱ्यांत तो कमी आढळला. आणि ज्या भाज्या-डाळींत युरिक ॲसिड बनवणारं प्युरीन असतं म्हणून आपण त्या बंद करतो, त्यांचा गाऊटशी संबंध दिसलाच नाही. म्हणजे गाऊट असलेल्या माणसालासुद्धा तुरीचं वरण बंद करायचं कारण नाही. ज्याला गाऊट नाही, नुसता रिपोर्टवर आकडा वर आहे आणि गुडघे झिजलेत, त्याचं काय सांगावं? वांगं, बटाटा, टोमॅटो यांच्यावरचा आरोप तर कोणत्याच चाचणीत शाबीत झालेला नाही. एखाद्याला वांगं सोसत नसेल, खाल्ल्यावर खरोखर ठणका वाढत असेल, तर त्याने ते सोडावं. ते त्याच्यापुरतं.

बंदीचा तोटा काय? गुडघा सांभाळतो तो मांडीचा पुढचा स्नायू. तो शाबूत असेल तर झिजलेला गुडघाही माणसाला देवळाच्या पायऱ्या चढू देतो. हा स्नायू चाळिशीनंतर आपोआप घटत जातो, आणि त्याला टिकवायला प्रथिनं लागतात. उतारवयात किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे साठ किलोंच्या बाईला दिवसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीत मिळतात सहा-सात ग्रॅम. म्हणजे डाळ बंद करायचा प्रश्नच नाही. ती दुप्पट करायची, वाटीभर घट्ट, पाणी कमी घालून. जोडीला दही, ताक, मटकीची उसळ, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, खाणाऱ्याला अंडं, मासा. कमी करायचं ते दुसऱ्या बाजूने : साखर, चहाबरोबरची बिस्किटं-खारी, फरसाण, ताटातला भाताचा डोंगर, आणि तेलाच्या पिशवीला महिन्यात लागणारी कात्री. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि शेंगदाण्याच्या कुटाची खिचडी खाऊन आपण लंघन केलं असं समजतो, त्यावर मी काही बोलत नाही, कारण मलाही ती फार आवडते.

लंघनाचं नाव निघालं म्हणून आमवाताकडे वळतो. अकराव्या शतकातले चक्रपाणिदत्त आमवाताच्या उपचारांत लंघनाला पहिलं स्थान देतात. आधुनिक वैद्यक याकडे बरीच वर्षं हसून पाहत होतं. १९९१ साली नॉर्वेच्या येन्स केल्डसेन-क्राग यांनी ५३ आमवाती रुग्णांवर केलेली चाचणी छापली. एका गटाला आधी सात ते दहा दिवस उपवास, त्यात फक्त काढे, भाज्यांचं पाणी आणि रस, मग साडेतीन महिने गव्हाशिवायचा, प्राणिज पदार्थांशिवायचा आहार, नंतर हळूहळू दूधदुभतं. चार आठवड्यांत सांध्यांचं दुखणं आणि सकाळचा ताठरपणा लक्षणीय कमी झाला, आणि वर्षभराने तपासलं तेव्हाही या गटाची अवस्था बरी होती. गंमत म्हणजे त्या उपवासाच्या काढ्यांत बटाट्याचाही काढा होता. मात्र ही चाचणी लहान होती, आणि आपण काय खातो हे रुग्णाला ठाऊकच असतं, त्यामुळे मनाचा भाग किती हे वेगळं काढता येत नाही. तरी चक्रपाणिदत्तांना काहीतरी दिसलं होतं, एवढं मी मान्य करतो.

आमवातात सर्वांत भक्कम पुरावा आहे तो माशाच्या तेलाचा. दिवसाला सुमारे तीन ग्रॅम ओमेगा-३, निदान तीन महिने, अशा मात्रेने सकाळचा ताठरपणा कमी होतो आणि वेदनाशामक गोळ्या कमी लागतात. कोकण किनाऱ्यावर तारली आणि बांगडा स्वस्तात मिळतो, आणि याच तेलाने तो भरलेला असतो. पापलेट-सुरमईच्या मानाने गरिबांचा मासा म्हणून त्याला कुणी विचारत नाही. तळून खाण्यापेक्षा तिखल्यात किंवा कालवणात घाला. रोज तीन ग्रॅम नुसत्या माशांतून मिळवणं कठीण असतं, म्हणून चाचण्यांत कॅप्सूल दिल्या गेल्या, पण आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा खायला कुणाची आडकाठी आहे? शाकाहारी मंडळी लगेच जवसाचं नाव काढतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असतं हे खरं, पण ते वेगळ्या रूपातलं. माशातल्या रूपात आणताना शरीर त्याचा अगदी थोडा अंश वापरतं. जवसाची चटणी जरूर खा. तिच्यात तंतू आहेत, प्रथिनं आहेत, आणि ती चवीला उत्तम आहे. तिच्याकडून माशाची मात्र अपेक्षा ठेवू नका.

आमवातात आणखी एक गोष्ट होते आणि ती फार महागात पडते. नवा आहार सुरू होतो, थोडं बरं वाटतं, आणि मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी बंद होते, कारण 'आता अन्नातूनच बरं होतंय'. आमवात सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच सांध्याचं हाड कुरतडलं जाऊ शकतं, आणि गेलेलं हाड कोणत्याही आहाराने परत येत नाही. आज उपलब्ध असलेली औषधं ते थांबवतात. आहार त्यांच्या जोडीला. सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ ताठरत असतील, हाताचे दोन्हीकडचे लहान सांधे सुजत असतील आणि हे सहा आठवडे टिकलं असेल, तर आधी संधिवाततज्ज्ञाला दाखवा. काय खावं हे त्यांनाच विचारा, आणि त्यांना वेळ नसेल तर आहारतज्ज्ञाची चिठ्ठी मागा.

माझा वेळ संपला असं अध्यक्षांनी खुणेने सांगितलं आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवा. घरून आणलेले रिपोर्ट मात्र आज पिशवीतच राहू द्या.